तांड्यावरचे आरसेकाम

गळीत हंगाम सुरू झाला की दूरदूरच्या ऊसतोड टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. त्यांतल्या लमाण टोळ्यांत एखादी वयस्क बाई आरशांची कांचळी आणि घेरदार फेटिया नेसलेली दिसते. आपली पोरेबाळे टकामका बघत राहतात. पण हा पोशाख म्हणजे नुसता भपका नव्हे, ही एक अस्सल कारागिरी आहे, हे सभासद बंधू-भगिनींच्या नजरेस आणावे म्हणून हा लेखनप्रपंच.

बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर व्यापार करी. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. इंग्रजांनी वर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. एवढ्या हालअपेष्टांतही तांड्यावरच्या बायकांनी सुई सोडली नाही.

काम कसे चालते तेही पाहा. आरशाच्या टिकलीला भोक नसते. ती कापडावर ठेवायची, वरून दोन उभे, दोन आडवे टाके ताणून चौकट करायची आणि त्या चौकटीत सुई अडकवीत काजाच्या टाक्यासारखा गोल फेर घ्यायचा. डिंक नाही की खळ नाही, सगळी भिस्त दोऱ्यावर. पहिले चार टाके ढिले पडले की आरसा निखळलाच म्हणून समजा! जोडीला कवड्या, नाणी आणि लोकरीचे गोंडे.

कर्नाटकात संडूर येथे लमाणी बायकांनी हस्तकला केंद्रातून या कामाला बाजार मिळवला. तिथल्या भरतकामाला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० बैठकीच्या वेळी १,७५५ नग एकत्र मांडले गेले आणि गिनेस बुकात नोंद झाली.

आपल्याकडे मात्र नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यावर उचल घेतात. पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणे, मग गाडी भरणे. त्या बाईने सुई कधी धरावी? लेकीला कधी शिकवावे? आणि घरची जुनी कांचळी अडीनडीला मातीमोल जाते.

उसाला रास्त भाव मिळावा म्हणून आपण सहकारात आलो. आपला ऊस तोडणाऱ्या हातांच्या कामाला तोच न्याय नको का? कोणी असे भरतकाम विकायला काढले तर घासाघीस करू नये. आपल्या महिला मंडळांनी या बायकांकडून काम करवून घ्यावे आणि रोख दाम द्यावा, एवढेच आमचे सांगणे.