शिवारातील मनाचे आरोग्य

विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मानसिक ताणाची चर्चा बहुधा कर्जाच्या आकड्यांपाशीच थांबते. परंतु नैराश्य, म्हणजे आठवडेच्या आठवडे टिकणारी उदासी, निद्रानाश आणि कामातील निरिच्छता, हा उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे, हे गावात क्वचितच कोणी सांगते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी मानसिक प्रथमोपचार, म्हणजे शांतपणे ऐकून धीर देणे, सुरू केले, समुपदेशकांनी उपचारांची बाजू सांभाळली आणि गंभीर रुग्ण मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. समुपदेशनाने कापसाचा भाव वाढत नाही, हे उघडच आहे; मात्र खचलेल्या माणसाला बँकेची पायरी चढण्याचेही बळ उरत नाही.