‘मायनर’ सेवा आणि पशुधन पर्यवेक्षकाचे भवितव्य

आमच्या वस्तीतील दहावी-बारावी झालेली मुले अधूनमधून माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेले असतात. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी मिळेल का, पगार किती, पुढे बढती आहे का? मी 1988 साली पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागलो आणि 2023 मध्ये निवृत्त झालो. मुलांना तोंडी सांगताना निम्मे राहून जाते, आणि राहते ते बहुधा महत्त्वाचे असते. म्हणून हे लिहितो आहे.

पगाराचे आधी सांगतो, कारण घरची माणसे तेच आधी विचारतात. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 2023 च्या भरतीत पशुधन पर्यवेक्षकाची वेतनश्रेणी 25,500 ते 81,100 रुपये होती. महागाई भत्ता आणि घरभाडे त्यावर वेगळे. तलाठ्याची श्रेणीही हीच. दवाखान्यातील परिचराची श्रेणी 15,000 ते 47,600, आणि पदवीधर डॉक्टर म्हणजे पशुधन विकास अधिकारी यांची 56,100 ते 1,77,500. म्हणजे एकाच दवाखान्यात, एकाच जनावराभोवती तीन माणसे उभी असतात आणि मधल्याचा मूळ पगार वरच्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. डॉक्टरांना जास्त मिळू नये असे माझे म्हणणे नाही. त्यांनी बारावी विज्ञान, प्रवेश परीक्षा आणि साडेपाच वर्षांचा अभ्यास केलेला असतो. मी दहावीनंतर दोन वर्षांची पदविका केली. प्रश्न वेगळाच आहे. डॉक्टर जागेवर नसतात तेव्हा काम कोण करतो, आणि ते काम कोणाच्या नावावर लागते?

इथे कायदा समजून घेतला पाहिजे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या 30 व्या कलमाप्रमाणे पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरालाच आहे. पदविकाधारकाला राज्य सरकार परवानगी देऊ शकते ती फक्त ‘मायनर’ सेवांची, आणि तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी, प्राथमिक उपचार आणि राज्याने अधिसूचनेत सांगितलेली तत्सम कामे त्यात येतात. मजकूर वाचायला स्वच्छ आहे. पण माझी बहुतेक सेवा श्रेणी दोनच्या दवाखान्यांत गेली. तिथे पदवीधर डॉक्टर नसत. देखरेख करणारे अधिकारी तालुक्याला, त्यांच्याकडे आणखी दोन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार, आणि माझ्याकडे पंधरा-सोळा गावे. देखरेख होती ती महिनाअखेरीच्या अहवालावरच्या सहीपुरती.

एका पावसाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास एक शेतकरी दारात आला. म्हैस अडली होती. वासराचे पाय बाहेर आणि मान मागे वळलेली. मी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला, लागला नाही. अडलेली म्हैस सोडवणे ‘मायनर’मध्ये बसत नाही हे मला ठाऊक होते. तसे शेतकऱ्याला सांगितले असते तर त्याने मला दुसऱ्या दिवशी गावात उभे केले नसते. गेलो. दोन तास खांद्यापर्यंत हात घालून मान सरळ केली. वासरू मेलेले निघाले, पण म्हैस वाचली. हात धुवायला घरच्या म्हातारीने पाणी दिले ते तांब्या हातात न देता वरून ओतून. चहा आला तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात. आठ दिवसांनी कार्यालयाचे पत्र आले, कोणत्या अधिकारात हा उपचार केलात याचा खुलासा करावा. वासराच्या भरपाईसाठी कोणीतरी तक्रार केली होती. खुलासा दिला, प्रकरण मिटले. पण तो वेगळा कप आणि ते पत्र मला कधीच वेगवेगळे वाटले नाहीत. जनावर अडले की गाव जात विचारत नाही आणि सरकार पदवी विचारत नाही. दोघे विचारतात ते नंतर.

हे क्षेत्र आपल्या लोकांसाठी इतर नोकऱ्यांसारखे नाही, याचे कारण जुने आहे. गावगाड्यात मेलेले ढोर ओढणे महाराकडे, चामडे कमावणे ढोराकडे, चपला-मोटा चांभाराकडे, दावी वळणे मांगाकडे. जनावराचे सगळे आपल्या हातचे. जिवंत जनावर आणि त्याचे दूध तेवढे आपले नाही. मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत मांस आणि मेलेली ढोरे ओढणे सोडा असे सांगितले. माझ्या आजाने ते ऐकून काम सोडले आणि गावाने त्याचे बलुते बंद केले. त्याचा नातू हातात पिचकारी घेऊन पाटलाच्या गोठ्यात पुढच्या दाराने शिरला, याचे मोल मी वेतनश्रेणीत मोजत नाही. पण ते मोल आहे म्हणून वेतनाचा प्रश्न विचारू नये, असेही मी मानत नाही.

आणि जुने काम पूर्ण सुटले असेही नाही. विम्याच्या दाव्यासाठी शवविच्छेदनाचा दाखला लागतो. दाखल्यावर सही डॉक्टरांची. सुरी परिचराच्या हातात. मी ज्या दवाखान्यांत काम केले तिथले परिचर बहुतेक आपल्याच वस्त्यांतले होते. दोन दिवसांचे फुगलेले जनावर फाडायला त्यांना हातमोजे मागावे लागत. पंधरा हजारांच्या श्रेणीत हे बसवलेले आहे, आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही.

धोक्याचेही सांगायला हवे, कारण प्रशिक्षणात ते घाईने उरकतात. गाभडलेल्या गाईची अडकलेली वार हाताने काढताना सांसर्गिक गर्भपाताचे जंतू माणसात येतात. ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि हिवताप समजून महिनोन् महिने गोळ्या खाल्ल्या जातात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची जी लस देतात ती जिवंत जंतूंची असते. कालवड उसळली आणि सुई आपल्याच बोटात गेली तर लागण होऊ शकते. 2019 पासून लाळ्या-खुरकूत आणि या रोगाची देशभर मोहीम सुरू झाली. कानात बारा आकडी बिल्ला, त्याची मोबाईलवर नोंद, हे सारे पर्यवेक्षकाच्या अंगावर आले. 2022 च्या लम्पी साथीत आम्ही सुट्टी पाहिली नाही. सुई लागली तर रक्त तपासून घ्या आणि लागल्याची लेखी नोंद करा. नोंद नसेल तर तो आजार तुमचा खाजगी.

बढतीचे थोडक्यात. पर्यवेक्षकाचा सहायक पशुधन विकास अधिकारी होतो, तोही बहुधा केस पिकल्यावर. पुढच्या पदाला पदवी लागते, आणि नोकरीत असताना पदविकेवरून पदवीकडे जाणारी वाट मला सापडली नाही. दहा, वीस आणि तीस वर्षांनी मिळणाऱ्या आश्वासित प्रगतीने पगार चढतो, काम आणि अधिकार तेच राहतात. 2025 मध्ये पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या 2,795 जागांची जाहिरात निघाली. दवाखान्यांना डॉक्टर मिळणे चांगलेच आहे, पण त्या खुर्च्या पदविकाधारकांसाठी नाहीत. शिवाय 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना सर्वसाधारणपणे माझ्यासारखे जुने निवृत्तिवेतन नाही.

सरकारी नोकरी न मिळालेल्यांसाठी ‘मैत्री’ नावाची योजना आहे. गावातल्या तरुणाला साधारण तीन महिने कृत्रिम रेतन शिकवतात, साहित्य देतात आणि पुढे शेतकऱ्याकडून मिळेल त्या फीवर सोडतात. घरपोच रेतनाची रीत आपल्याकडे नवी नाही. 1967 साली उरुळी कांचनला सुरू झालेल्या ‘बायफ’ने ती रुजवली. यात पगार नाही, रजा नाही. नायट्रोजनचे भांडे रिकामे पडले तर कांड्या वाया, आणि गाय उलटली तर दोष हाताचा. त्याहून अवघड गोष्ट अशी की सरकारी माणसाला गोठ्यात घ्यावेच लागते. फीवर जगणाऱ्याला कोणाला बोलवायचे हे गोठेवाला ठरवतो. आपल्या मुलाला सवर्णांच्या आळीतून किती बोलावणी येतील, हे योजनेच्या पत्रकात नसते. दुधाचा धंदा जिथे मोठा आणि हात चांगला, तिथे काही मुले टिकलेली मी पाहिली आहेत.

मागच्या महिन्यात आलेल्या मुलाला बारावीला जीवशास्त्रात चांगले गुण होते. त्याला पदविकेचा अर्ज हवा होता, कारण ती लवकर संपते आणि घरी बहिणीचे लग्न आहे. मी त्याला पदवीच्या प्रवेशाची माहिती आणि शिष्यवृत्तीचे कागद काढून दिले, आणि पदविकेचा अर्जही दिला. दोन्ही घेऊन गेला. बाप वीटभट्टीवर आहे, त्याला विचारून सांगतो म्हणाला.