अठ्ठावीस अडथळे, सात वेळा पाणी!

मंडे ब्लूज, अप्रेझल, इएमआय... आपल्या आयुष्यात हर्डल्स काही कमी नाहीत. पण हर्डल कसा पार करायचा, हे शिकायचंच असेल तर एखाद्या मॅनेजमेंट गुरूपेक्षा साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या एका मुलीकडे बघा. ललिता बाबर. गाव मोही. तालुका दुष्काळी, घर शेतकऱ्याचं. आणि गंमत म्हणजे पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या या तालुक्यातल्या मुलीने नाव कमावलं ते पाण्यावरून उड्या मारण्याच्या शर्यतीत!

सुरुवात मात्र लांब पल्ल्याची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, २०१३ आणि २०१४ अशी पहिल्या नंबरची हॅटट्रिक तिने केली. बेचाळीस किलोमीटर, तेही मुंबईच्या घामट हवेत. रेल्वेची नोकरी हाताशी, मॅरेथॉनमध्ये नाव झालेलं. आपण असतो तर काय केलं असतं? सेटल झालो असतो! ललिताने मात्र ट्रॅक बदलला. अगदी शब्दशः. बेलारूसचे कोच निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या हाताखाली ती स्टीपलचेसकडे वळली.

ही स्टीपलचेस म्हणजे काय भानगड आहे? अंतर ३००० मीटर, म्हणजे ट्रॅकच्या साडेसात फेऱ्या. वाटेत २८ अडथळे आणि त्याशिवाय ७ वेळा पाण्याची उडी. नेहमीच्या हर्डल्स शर्यतीत पाय लागला तर हर्डल पडतो, तुम्ही पुढे निघता. इथले लाकडी ओंडके हलतही नाहीत. धडकलात तर पडता ते तुम्हीच. महिलांसाठी त्यांची उंची साधारण अडीच फूट. आणि पाण्याचा खड्डा ओंडक्याजवळ खोल, पुढे उथळ होत गेलेला. म्हणजे कचरत उडी मारली की जास्त पाण्यात, बिनधास्त लांब मारली की जेमतेम पाऊल भिजतं. ऑलिम्पिकमध्ये महिलांना ही शर्यत धावायला मिळाली तीच मुळी २००८ मध्ये, बीजिंगला.

नव्या ट्रॅकवर रिझल्टही झटपट आले. २०१४ च्या इंचिऑन एशियन गेम्समध्ये ब्राँझ. २०१५ च्या वुहान आशियाई स्पर्धेत गोल्ड. त्याच वर्षी बीजिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये फायनल आणि आठवा नंबर. अर्जुन पुरस्कार पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये. आणि २०१५ च्याच जानेवारीत तिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत दुसरा नंबरही काढला होता. आहे की नाही मल्टिटास्किंग?

मग आलं रिओ. १३ ऑगस्ट २०१६, हीट. ललिताने वेळ दिली ९ मिनिटं १९.७६ सेकंद. स्वतःच्याच सर्वोत्तम वेळेतून तिने एका फटक्यात सात सेकंदांहून जास्त कापले, राष्ट्रीय विक्रम केला आणि फायनल गाठली. १९८४ च्या लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं होतं. त्यानंतर ३२ वर्षांनी ऑलिम्पिक ट्रॅकवरच्या वैयक्तिक फायनलला एक भारतीय बाई उभी राहिली. तारीख १५ ऑगस्ट! बहारीनच्या रूथ जेबेतने ८ मिनिटं ५९.७५ सेकंदांत गोल्ड नेलं. ललिता दहावी, ९ मिनिटं २२.७४ सेकंद.

दहावी. इथेच तर खरी गोम आहे. त्याच ऑलिम्पिकमध्ये साक्षी मलिकचं ब्राँझ आलं, पी. व्ही. सिंधूचं सिल्व्हर आलं आणि अख्खा देश त्यांच्यामागे नाचला. नाचायलाच हवं होतं. पण जगात दहावं येणं म्हणजे काय, हे कोणाला फारसं सांगावंसं वाटलं नाही. आपल्या ऑफिसातही टार्गेट गाठणाऱ्याचा फोटो लागतो. जिथे आधी कोणी पोचलंच नव्हतं तिथे पोचणाऱ्याचा नाही.

रिओनंतर २०१७ मध्ये लग्न आणि मग सरकारी सेवा. राज्य सरकारने खेळातल्या कामगिरीसाठी तिला उपजिल्हाधिकारी पदावर थेट नेमणूक दिली. रायगडमधल्या माणगावला तहसीलदाराच्या खुर्चीतही ती बसली. आता सात-बारा, दाखले, मोजणी, अर्ज. इथले अडथळेही धडकल्यावर हलत नाहीत म्हणा!

बरेच जण हळहळले. ऐन फॉर्मात होती, अजून एक ऑलिम्पिक सहज धावली असती... असेलही. पण हे म्हणणं आपल्याला सोपं आहे. खेळाडूचं शरीर पस्तिशीच्या आत रिटायर होतं आणि पुढची चाळीस वर्षं टाळ्यांवर निघत नाहीत. दुष्काळी गावातल्या घराला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. प्रश्न ललिताने का थांबावं हा नाहीच. खेळत राहणं आणि पोटापाण्याची खात्री यातलं एकच काहीतरी आपण खेळाडूंना का निवडायला लावतो, हा आहे.

तिचा विक्रम सात वर्षं टिकला. २०२३ च्या बुडापेस्ट वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पारुल चौधरीने ९ मिनिटं १५.३१ सेकंदांत तो मोडला. आणि बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ ला पॅरिसमध्ये पुरुषांच्या स्टीपलचेसची फायनल धावणारा पहिला भारतीय ठरला. माण काय नि बीड काय, दोन्हीकडे पाण्याची बोंब! तरी पाण्यावरून उडी मारायला पोरं तिथूनच येतायत.

तेव्हा पुढच्या वेळी नवी नोकरी, नवं शहर, नवं काही समोर आलं आणि पाय अडखळला, तर तो खड्डा आठवा. खोली काठाशीच जास्त असते.