तरवड, रुई आणि बेल: अंबाजोगाईच्या परिसरातील फुलपाखरांचा छंद

अंबाजोगाईस येणारा यात्रेकरू योगेश्वरीचे दर्शन घेतो, आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणारा उतार उतरतो, सवड असल्यास हत्तीखान्यातील दगडी हत्ती पाहतो आणि आल्या वाटेने परततो. या वाटेवर, विशेषतः श्रावण संपल्यापासून मार्गशीर्षातील देवीच्या यात्रेपर्यंत, कमरेइतक्या वाढलेल्या तरवडाच्या झुडपांत, बांधावरच्या रुईवर आणि कुंपणाला वेढून बसलेल्या वाघाटीच्या जाळीत जो एक स्वतंत्र व्यवहार अखंड चाललेला असतो, त्याची दखल घेण्याचे त्याला कारण पडत नाही. फुलपाखरू दिसले की मूल त्यामागे धावते आणि मोठी माणसे मुलाला हाक मारून परत बोलावतात. एवढ्यावर आपल्याकडे या विषयाचा निकाल लागतो. वस्तुतः ज्याला खर्च जवळजवळ नाही, ज्यासाठी दूरचा प्रवास नको, आणि ज्यात शाळकरी मुलापासून निवृत्त कारकुनापर्यंत कोणालाही थोडीबहुत अस्सल ज्ञानप्राप्ती होऊ शकते, असा हा छंद आहे.

नवख्याची पहिली निराशा मात्र आधीच सांगून ठेवलेली बरी. महाराष्ट्र शासनाने 2015 साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिलेच राज्य ठरले, ते नीलवंत, म्हणजे इंग्रजीतले ब्लू मॉरमॉन, हे काळ्या मखमलीवर निळे पट्टे मिरवणारे हातभर वाटावे असे फुलपाखरू, मूळचे दमट अरण्याचे रहिवासी आहे. बालाघाटाचा हा कडा पर्जन्यछायेतला. येथील जंगल पानगळीचे आणि काटेरी. येथील शोभा लहान अंगाची आणि फिक्या रंगाची आहे. पांढऱ्या पंखाच्या टोकाला किरमिजी किंवा नारिंगी ठसा उमटवलेली कोलोटिस वंशातील फुलपाखरे, बाभळीभोवती घिरट्या घालणारी राखी-निळी फुलपाखरे, आणि माळावरच्या गवतात नखाएवढे पंख मिटून बसणारे ग्रास ज्युएल, ज्याची गणना भारतातील सर्वांत लहान फुलपाखरांत होते, ही या मुलुखाची खरी वस्ती होय. यांतील कोलोटिसांचा बहुतेक गोतावळा आफ्रिकेच्या आणि अरबस्तानच्या कोरड्या प्रदेशांत पसरलेला आहे. पायोनियर नावाचे, पांढऱ्या पंखांवर काळ्या शिरा रेखलेले फुलपाखरू तर आफ्रिकेपासून हिंदुस्थानापर्यंत तेच ते आढळते. समाधीच्या उतारावर वाघाटीशी रेंगाळणाऱ्या जीवाचे भाऊबंद आफ्रिकेच्या गवताळ रानांत आहेत, हे एकदा ध्यानी आले म्हणजे नीलवंत न दिसल्याचे दुःख फारसे उरत नाही.

हा छंद आपल्याकडे शास्त्रशुद्ध रीतीने कोणी रुजविला, हे पाहू गेल्यास मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाला, कारवारला जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या जिल्ह्यात तीन साहेब नोकरीस होते: कलेक्टर जेम्स डेव्हिडसन, जंगल खात्याचे थॉमस बेल, आणि जकात व मीठ खात्याचे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. यांपैकी एटकेनचा जन्म साताऱ्याचा, 1851 सालचा. 1883 साली मुंबईत ज्या थोड्या मंडळींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली त्यांत तो होता, आणि आपल्या बंगल्यातील मुंग्या, बेडूक, पाली यांवर त्याने लिहिलेली खुसखुशीत पुस्तके आजही वाचनीय आहेत. या तिघांनी मिळून उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर सोसायटीच्या नियतकालिकात 1896 च्या सुमारास जो प्रदीर्घ लेख क्रमशः प्रसिद्ध केला, त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात पंखांच्या रंगापेक्षा अळ्यांची कैफियत अधिक आहे. कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते, कोश कोठे बांधते, पान कसे कुरतडते, हा तपशील त्यांनी अळ्या घरी पाळून, रोजच्या रोज पाहून जमविला. पुढे बेलने 1909 पासून मैदानी प्रदेशातील सामान्य फुलपाखरांवर जी लेखमाला सुरू केली, ती थोडथोडकी नव्हे, 1927 पर्यंत चालली; निवृत्तीनंतर तो मायदेशी परतला नाही, कारवारलाच राहिला आणि 1948 साली तेथेच वारला. बालाघाटाला असा रहिवासी लाभला नाही. निजामी अमदानीत मोमिनाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत घोडदळाची छावणी होती, परंतु कोण्या बेलचे बिऱ्हाड नव्हते. त्यामुळे कारवारच्या माणसाला जे आयते छापील मिळते, ते येथील माणसाने स्वतः लिहून काढायचे आहे, आणि मला तर हे भाग्यच वाटते.

कारवारकरांचा धडा एका वाक्यात सांगायचा तर तो असा की, फुलपाखरू शोधायचे असेल त्याने झाड शोधावे. प्रौढ फुलपाखरू मध निरनिराळ्या फुलांचा पिते. पण मादी अंडी घालते ती ठरावीक झाडांवरच, आणि अळी ते पान नसेल तर उपाशी मरते पण दुसरे खात नाही. म्हणून अंबाजोगाईच्या परिसराची ज्याला झाडांच्या नावांनिशी ओळख आहे, त्याची निम्मी तयारी झालेलीच असते. तरवड आणि बहावा दिसला की तेथे पिवळसर-पांढरी एमिग्रंट फुलपाखरे असावयाचीच. देवळाच्या आवारातील बेल, घरामागचा कढीपत्ता आणि मळ्यातले लिंबू ही तिन्ही लिंबाळी फुलपाखराच्या अळीची हक्काची ठिकाणे. सीताफळाच्या पानावर टेल्ड जे, एरंडावर कॅस्टर, टेंभुर्णीवर बॅरोनेट, चिंचेवर ब्लॅक राजा. आणि आंब्याच्या झाडाला जे बांडगूळ लागले म्हणून मालक हळहळतो, त्याच बांडगुळावर हळदीकुंकू या नावाचे, खालच्या अंगाने पिवळ्या-तांबड्या ठशांचे फुलपाखरू आपली प्रजा वाढविते.

पहिला पाठ रुईवर घ्यावा, कारण रुई कोणाच्या मालकीची नसते. कोवळे पान हलकेच उलटले तर खालच्या बाजूला एकुलते एक, पांढुरके, उभ्या बारीक रेघांचे अंडे चिकटलेले आढळते. त्यातून निघणारी अळी पांढऱ्या, काळ्या व पिवळ्या पट्ट्यांची असते आणि तिच्या पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. ती लपत नाही. भर उन्हात, पानाच्या मधोमध, सर्वांच्या देखत खात बसते, कारण रुईच्या चिकातील विष तिच्या अंगी भिनलेले असते आणि पक्षी तिच्या वाटेस सहसा जात नाहीत. कोश फिकट हिरवा, क्वचित गुलाबीसर, त्यावर सोनेरी टिकल्या. त्यातून बाहेर पडते ते प्लेन टायगर, तांबूस-केशरी पंखांचे, काळ्या-पांढऱ्या टोकांचे, संथ उडणारे. आता याच माळावर घोळीच्या भाजीवर वाढलेले एक निराळे फुलपाखरू आहे, डॅनेड एगफ्लाय. त्याचा नर काळा, पंखांवर जांभळ्या कडांचे पांढरे गोल ठिपके. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगरसारखी. तिच्या अंगी विष नाही, केवळ विषारी जातीचा पोशाख आहे, आणि त्या पोशाखावरच ती निभावून नेते. सावकाश पाहणाऱ्याला ही तोतयेगिरी उडण्याच्या ढबीवरून आणि मागच्या पंखावरील काळ्या ठिपक्यांवरून पकडता येते.

दुसरे एक दृश्य तागाच्या शेतात किंवा खुळखुळ्याच्या झुडपाशी मिळते. पाऊस ओसरल्यानंतर या झाडांच्या सुकलेल्या, मोडलेल्या फांद्यांवर टायगर आणि क्रो जातीच्या नरांची एवढी दाटी होते की फांदीच हलते आहे असे वाटावे. तेथे मध नसतो. जखमी झाडातून पाझरणारी अल्कलॉइडे ते सोंडेने शोषून घेतात आणि त्यांपासून मादीला आकर्षिणारा गंध तयार करतात. जयंती नदीच्या ओल्या काठावर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चिखलात सोंड खुपसून बसलेले थवेही बहुतांशी नरांचेच. त्यांना तेथील मीठ हवे असते. मीठ खात्यातील एटकेनने हे पाहून काय विनोद केला असता, कोण जाणे.

आता जमविण्याविषयी. जुना शिरस्ता असा: मलमलीची पिशवी लावलेल्या काठीच्या जाळ्यात फुलपाखरू घ्यावयाचे, छातीचा भाग दोन बोटांत दाबून ते निश्चेष्ट करावयाचे, कागदाच्या त्रिकोणी घडीत ठेवावयाचे, घरी आल्यावर दमट डब्यात मऊ करून, खाचेच्या फळीवर पंख पसरून, टाचणीने पेटीत बसवावयाचे, आणि मुंग्या व कसर लागू नये म्हणून पेटीत डांबरगोळ्या टाकावयाच्या. आज हा शिरस्ता हौशी माणसाने सोडलेलाच बरा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत शेकडो फुलपाखरांची नावे आहेत, त्यांना विनापरवाना पकडणे हा गुन्हा आहे, आणि हाती आलेले फुलपाखरू अनुसूचीतले आहे की नाही हे ओळखण्याइतके ज्ञान ज्याच्यापाशी असेल, त्याला बहुधा ते मारण्याची इच्छा राहिलेली नसते. पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे कार्यालय किंवा मुंबईची सोसायटी यांचे संग्रह शास्त्राला आवश्यक आहेत, कारण काही लहान निळी फुलपाखरे केवळ छायाचित्रावरून ठरत नाहीत. पण ते काम परवानगीने आणि प्रशिक्षित हातांनी व्हावे.

मारण्याची रीत मागे पडली याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. तिच्याबरोबर चिठ्ठीची रीतही मागे पडू लागली आहे, याचे वाटते. जुन्या पेटीतील प्रत्येक टाचणीखाली एक इवलीशी चिठ्ठी असे: स्थळ, तारीख, पकडणाऱ्याचे नाव. ज्या नमुन्याची चिठ्ठी हरवली तो कितीही देखणा असला तरी अभ्यासकाच्या दृष्टीने बाद. मोबाइलवर शेकडो छायाचित्रे काढणारा आजचा हौशी माणूस पुष्कळदा स्थळ आणि झाडाचे नाव लिहीतच नाही, आणि मग त्या छायाचित्रांची अवस्था बिनचिठ्ठीच्या टाचणीसारखीच होते. साधी रेघांची वही पुरे. तारीख, वेळ, बुट्टेनाथाची दरी की गावातील परस, ऊन की ढग, कोणत्या झाडावर, बसले होते की अंडी घालत होते. एवढे सहा रकाने इमानाने भरले तर दोन-तीन मोसमांत त्या वहीला दफ्तराची किंमत येते. सांजवेळी उडणाऱ्या ईव्हनिंग ब्राउनचेच पाहा: पावसाळ्यात जन्मलेल्याच्या पंखांखाली ठळक डोळे असतात, कोरड्या ऋतूतले निव्वळ वाळलेल्या पानासारखे; तारखेची नोंद नसेल तर नवख्याला या दोन जाती वाटाव्यात.

ज्यांना रानात जाणे जमत नाही त्यांनी लिंबाळीची अळी पाळावी. तोंडाला जाळी बांधलेली काचेची बरणी, तळाशी कागद, रोज ताजी कढीपत्त्याची डहाळी. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवीगार होते, आणि डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. अंड्यापासून पंखांपर्यंत साधारण महिनाभराचा मामला.

शेतकऱ्याला मात्र या सगळ्याचे कौतुक सांगताना जपून बोलावे. तुरीच्या कळ्या-शेंगा खाणारी एक अळी पी ब्लू नावाच्या सुंदर निळ्या फुलपाखराची असते, आणि डाळिंबाला भोक पाडून आत राहणारी अळीही फुलपाखराचीच. ही डाळिंबातली अळी फळ गळून पडू नये म्हणून त्याचा देठ रेशमाच्या धाग्यांनी फांदीला बांधून ठेवते, ही गोष्ट निसर्गप्रेमी चकित होऊन सांगतो. बागाईतदाराला ती ठाऊक असते की नाही, हे बागेत जाऊन विचारण्यासारखे आहे, कारण पोखरलेले फळ झाडावर किती दिवस टिकते आणि कोणत्या बहारात भोके अधिक पडतात, याची माहिती वहीवाल्यापेक्षा त्याच्याकडेच पक्की मिळते.