आपत्तीनंतरचा संसार

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. मृतांचे आकडे आपण पुष्कळ वाचले. परंतु अशा आपत्तीतून जे पती-पत्नी दोघेही वाचतात, त्यांच्या नात्याचे पुढे काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. मदतीच्या यादीत त्याला रकाना नसतो.

अमेरिकेत या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. सप्टेंबर १९८९ मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्याला ‘ह्युगो’ चक्रीवादळाचा तडाखा बसला. आपत्तिग्रस्त ठरलेल्या तेथील २४ जिल्ह्यांत १९९० साली विवाह वाढले, जन्म वाढले आणि घटस्फोटही वाढले. वरवर हे परस्परविरोधी वाटते. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो की, मरण जवळून पाहिलेला माणूस निर्णय लांबणीवर टाकीत नाही. मग तो जोडण्याचा असो की तोडण्याचा.

दुसरी पाहणी ह्यूस्टन भागातील नवविवाहित जोडप्यांची. ती २०१७ च्या ‘हार्वे’ वादळाआधीच सुरू झालेली होती, म्हणून आधीचे व नंतरचे ताडून पाहता आले. वादळानंतर जोडप्यांचे परस्परांविषयीचे समाधान वाढले; पण काही काळाने ते पुन्हा पूर्वीच्याच पातळीवर आले.

हे आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर ध्यानात घ्यावे. पत्र्याच्या शेडमध्ये एकमेकांना धरून राहिलेले जोडपे वर्षभराने भांडू लागले की नातेवाईक म्हणतात, “एवढ्यातून वाचलात, तरी अक्कल आली नाही!” हा दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. पहिल्या दिवसांत संकट दोघांचे एकच असते. पुढे भरपाईचे हेलपाटे, अर्धवट बांधकाम, कर्ज हे सारे सुरू होते. मूल गेले असेल तर आणखी कठीण. एकजण बोलून रडतो, दुसरा कामात तोंड लपवतो. आणि पहिल्याला वाटते, याला दुःखच नाही!

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची जी कर्तव्ये सांगितली, त्यांत पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे आणि घरातील अधिकार तिच्या हाती देणे ही येतात. घर पडले तरी ती पाळता येतात. भरपाईची रक्कम कशी खर्चायची, हे ठरवताना पत्नीला विचारले जाते का, एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

तेव्हा आपत्तिग्रस्तांच्या भेटीला जाणाऱ्यांनी पहिल्या महिन्यावर न थांबता दुसऱ्या वर्षीही जावे, आणि दोघांशी वेगवेगळे बसून बोलावे.