हळदीचा डीजे आणि धवलारीण आजी

परवा वांगणीला जुन्या शेजारणीच्या लेकीच्या हळदीला गेले होते. मांडवात पाऊल टाकलं तोच छातीत धडधड! मनात म्हटलं, झालं, रक्तदाब वाढला. पण ती धडधड डीजेच्या स्पीकरची होती.

कान सरावले तशी गंमत वाटू लागली. खाली यंत्राचा ठोका, वर संबळ, मध्येच कोळीगीत आणि त्यालाच जोडून भांगडा! एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं, कळायचंच नाही. नवरीचा भाऊ म्हणाला, "काकू, दोन्ही गाण्यांची लय सारखी करून घ्यायची, की झालं. मोठ्या क्लबांतही हल्ली अशीच भेळ असते."

मैत्रिणींनो, ही भेळ तशी आपल्याकडे जुनीच. मुंबईत चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच दहा राग सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली. तेव्हा तिची फारशी दखल कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातले जाणकार थक्क झाले. कारण शिकागोच्या क्लबांत पुढे गाजलेल्या संगीताशी तिचं विलक्षण साम्य होतं. आणि २०१६ च्या 'सैराट'मधल्या 'झिंगाट'वर तर आपणही पदर खोचून नाचलोच की!

पण त्या मांडवात एका कोपऱ्यात धवलारीण आजी बसल्या होत्या. आगरी लग्नात धवले गाण्याचा मान त्यांचा. ओठ हलत होते, शब्द मात्र शेजारी बसलेल्या मलाही ऐकू येईनात. मला भरून आलं. शेजारणीला हळूच सांगितलं. तिनं मुलाला खूण केली, डीजे थांबला. आजींनी धवला धरला, बायकांनी मागून म्हटला आणि नवरीचे डोळे पाणावले. तो डीजेवाला पोरगा खाली हलकासा ठोका द्यायला निघाला, तर आजी म्हणाल्या, "थांब रे बाबा, आधी ऐक तरी!"

भेळेत सगळं पडावं, पण प्रत्येक जिन्नस जिभेला कळावा.

तुमच्या घरी कार्य असेल तर एवढं करा. पहिला तास बायकांच्या गाण्यांचा, हे डीजे ठरवतानाच सांगून ठेवा. स्पीकर तान्ह्या बाळांपासून आणि म्हाताऱ्यांपासून लांब ठेवायला लावा. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, तेव्हा हळद वेळेवर लावा. आणि आजींचा धवला फोनवर टिपून ठेवायला विसरू नका!