‘ताजा बिल्ड’ म्हणजे नेमका कुठला? सीआय सर्व्हरवरून स्क्रिप्टने फाइली उतरवताना

सिम्युलेशन करणारे बरेच संशोधक हल्ली सॉफ्टवेअरची रोज नव्याने तयार होणारी, म्हणजे ‘नाइटली’ आवृत्ती वापरतात. पवईला आयआयटी मुंबईत फॉसी हा प्रकल्प चालतो. तो ज्या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो, त्यातलं ओपनमॉडेलिका घ्या. त्याची एक स्थिर आवृत्ती असते आणि एक नाइटली. तुम्हाला हवी ती दुरुस्ती कालच कोडमध्ये आली असेल, तर पुढच्या स्थिर आवृत्तीपर्यंत थांबणं परवडत नाही. मग रोज ब्राउझर उघडा, लिंक शोधा, फाइल उतरवा. हे काम दहा-पंधरा ओळींच्या स्क्रिप्टवर सोपवता येतं. पण त्या ओळींमध्ये एक शब्द जपून वापरायला लागतो: ‘ताजा’.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोडमध्ये बदल झाला की तो आपोआप उचलून, संकलित करून, चाचण्या चालवणारा सर्व्हर म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन, थोडक्यात सीआय सर्व्हर. अशा प्रत्येक फेरीला बिल्ड म्हणतात आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या फाइलींना आर्टिफॅक्ट. या कामासाठी जगभर वापरला जाणारा जेन्किन्स मुळात हडसन या नावाने कोसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये लिहिला. पुढे ओरॅकलशी नावावरून वाद झाला आणि २०११मध्ये त्याचं नाव जेन्किन्स झालं.

जेन्किन्समध्ये प्रत्येक बिल्डला क्रमांक असतो: ४१०, ४११, ४१२. शिवाय पत्त्यात क्रमांकाऐवजी चालतील अशी काही टोपणनावं असतात. त्यातली तीन नीट समजून घ्या.

‘लास्ट बिल्ड’ म्हणजे सर्वांत अलीकडचा बिल्ड. तो फसलेला असेल किंवा अजून चालूही असेल. स्क्रिप्टसाठी हा बाद.

‘लास्ट सक्सेसफुल बिल्ड’ नावावरून निर्धोक वाटतो. पण ज्याचं संकलन झालं आणि काही चाचण्या मात्र नापास झाल्या, असा ‘अनस्टेबल’ बिल्डही यात मोजला जातो!

‘लास्ट स्टेबल बिल्ड’ म्हणजे चाचण्यांसकट पूर्ण यशस्वी झालेला. संशोधनाच्या कामाला हाच घ्या.

आता खरी गोम. ही तिन्ही नावं सरकती आहेत. अंधेरी स्टेशनवर कोणी तुम्हाला म्हणालं, ‘नुकतीच सुटलेली बोरिवली फास्ट’, तर ती कुठली गाडी हे विचारण्याच्या वेळेवर ठरतं. पाच-दहा मिनिटांनी तेच शब्द दुसऱ्या गाडीला लागू होतात. बिल्डचंही तसंच. समजा, तुमची स्क्रिप्ट टोपणनावाच्या पत्त्यावरून आधी मुख्य प्रोग्राम उतरवते आणि मग त्याची लायब्ररी. मधल्या मिनिटात नवा बिल्ड पूर्ण झाला, तर प्रोग्राम ४११चा आणि लायब्ररी ४१२ची. कुठलीही त्रुटी न दाखवता ही जोडी चालूही शकते, आणि आकडे किंचित वेगळे येतात.

म्हणून स्क्रिप्टचा क्रम असा ठेवा:

१. टोपणनावाच्या पत्त्यापुढे ‘बिल्डनंबर’ जोडून फक्त क्रमांक मागवा. जेन्किन्स साधा आकडा परत देतो. इथून पुढे टोपणनाव वापरायचं नाही, सगळ्या फाइली त्या आकड्याच्या पत्त्यावरून घ्यायच्या.

२. हा क्रमांक आपल्याकडे आधीच असेल तर तिथेच थांबा. सर्व्हर सगळ्यांचा आहे, उगाच ताण नको.

३. ‘कर्ल’ने उतरवताना ‘फेल’ हा पर्याय द्या. तो नसेल, तर ‘पान सापडलं नाही’ असं सांगणारं पानच तुमच्या झिप फाइलच्या नावाने सेव्ह होतं आणि कर्ल म्हणतो, काम झालं.

४. तरीही झिप तपासा. काही सर्व्हर त्रुटीऐवजी सरळ लॉगिनचं पान पाठवतात, ते ‘फेल’च्या चाळणीतून निसटतं. ‘अनझिप’चा चाचणी पर्याय ते पकडतो.

५. सगळं आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवा, तपासणी झाली की फोल्डरला बिल्ड क्रमांकाचं नाव द्या. मधेच वायफाय गेलं तरी अर्धवट फाइल खऱ्या जागी पोचत नाही.

६. शेवटी एका मजकूर फाइलमध्ये नोंद करा: तारीख, बिल्ड क्रमांक, कोडचा कमिट आणि प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा.

गिटहबवर क्रम हाच, तपशील वेगळे. तिथे प्रकल्प सार्वजनिक असला तरी एपीआयमधून आर्टिफॅक्ट उतरवायला टोकन लागतं. शिवाय उत्तरात फाइल न येता तात्पुरता पत्ता येतो, म्हणून कर्लला ‘लोकेशन’ पर्याय द्यावा लागतो. टोकन स्क्रिप्टमध्ये लिहू नका. ती स्क्रिप्ट उद्या मित्राला पाठवाल तेव्हा टोकनही जाईल. ते एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. मात्र क्रॉनने रात्री स्क्रिप्ट चालवणार असाल तर लक्षात असू द्या, तुमच्या टर्मिनलमधली व्हेरिएबल्स क्रॉनला दिसत नाहीत. ती वेगळी पुरवायला लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण आर्टिफॅक्ट कायम राहत नाहीत. गिटहब ते साधारणपणे ९० दिवस ठेवतो. जेन्किन्सवर जुने बिल्ड पुसायचा नियम ज्याचा तो प्रशासक ठरवतो. पीएचडी मात्र पाच-पाच वर्षं चालते. दुसऱ्या वर्षी काढलेला आलेख शेवटच्या वर्षी परीक्षकासमोर येतो आणि प्रश्न येतो, ‘हे कुठल्या आवृत्तीवर केलंत?’ ‘तेव्हाच्या ताज्या’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. नोंदीत कमिट असेल, तर बिल्ड पुसला गेला तरी तोच कोड पुन्हा संकलित करता येतो. ज्या बिल्डवरचे निकाल प्रबंधात जाणार, त्याची प्रत मात्र स्वतःच्या डिस्कवर ठेवाच. शा-२५६ ठसा जुळला की फाइल तीच आहे, याची खात्री पटते.

तुमच्याकडे अशी स्क्रिप्ट आधीच असेल, तर आज एवढंच करा: ती उघडा आणि पत्त्यात ‘लास्ट’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. एकापेक्षा जास्त वेळा आला, तर पहिली पायरी आजच घाला.